डुफी मावशीचा टीव्ही

चादरीत गुंडाळलेला टीव्ही डोक्यावर घेऊन एक बाई बोआडूच्या दुकानासमोरून गेली आणि थेट पलीकडे अंत्वीच्या दारात जाऊन थांबली.

"बाई, दुकान इकडेही आहे!" बोआडू ओरडला.

"माहीत आहे," ती वळूनही न बघता म्हणाली. "गेल्या वेळी तू मला म्हणालास, टीव्ही राहू दे, आधी डोकं दुरुस्त करून घे."

आत केळी तळणारी त्याची बायको सेरवा खुदकन हसली. बोआडूला ते हसू फार झोंबलं.

घानातल्या कुमासी शहराच्या त्या एका रस्त्यावर टीव्ही दुरुस्त करणारे हे दोघेच. वॉरंटी संपली की कंपनीवाले हात वर करत: मॉडेल बंद झालं, आतला सर्किट बोर्ड मिळणार नाही, नवा घ्या. मग लोक अंत्वीकडे धाव घेत. कंपनीने मेला म्हणून सांगितलेला टीव्ही अंत्वी जिवंत करतो, असं बाजारभर बोललं जाई.

बोआडूच्या पोटात दुखायचं ते इथेच. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. अंत्वीला तेव्हा बोर्डातलं ओ की ठो कळत नसे. स्क्रीनमागच्या दिव्यांच्या पट्ट्या बदलायच्या, काच पुसायची आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, एवढंच त्याला येई. मग आता हे कुठून आलं? बोआडूने आपल्यापुरतं उत्तर शोधलं होतं. तो दुसऱ्यांच्या टीव्हीतले चांगले बोर्ड चोरून बसवत असणार.

बोआडूचं स्वतःचं घर चालायचं ते उत्तरेकडच्या तमाले शहरातून बसने येणाऱ्या कामावर. तिथे सेरवाच्या भावाचं टीव्हीचं दुकान होतं. त्या मेहुण्याशी बोआडूचं एका मयतीच्या जेवणावरून बिनसलं होतं, त्यामुळे सगळा व्यवहार सेरवामार्फत होई. ती बसस्टँडवर जाऊन जळके बोर्ड आणी, आणि नीट झाले की परत देऊन येई. काम संपलं की बोआडू तिच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके बोर्डाच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी देई, उद्या कुणी भलताच बोर्ड त्याच्या माथी मारू नये म्हणून. मग तीच जांभळी बाटली घेऊन सेरवा पायाची नखं रंगवत बसे. अलीकडे बाहेर पडताना ती नखं जरा जास्तच निगुतीनं रंगवते, असं त्याच्या नजरेत आलं होतं.

त्यात शुक्रवारी कोपऱ्यावरच्या चांभाराने काडी टाकली. "तुझी बायको अंत्वीच्या दुकानातून बाहेर पडली रे. हसत होती."

अंत्वीची बायको वारल्याला तीन वर्षं झाली होती.

"कुठे गेली होतीस?" बोआडूने घरी विचारलं.

"बसस्टँडवर. आणखी कुठे जाणार?"

ती खोटं बोलली होती. त्या रात्री त्याने कुटलेल्या कंदांच्या फुफूचं ताट तसंच बाजूला सरकवलं. गिऱ्हाइकं नेलीस, नाव नेलंस, आता बायकोही हवी का तुला? तो मनातल्या मनात अंत्वीला विचारत राहिला.

शनिवारी डुफी मावशीच्या खानावळीत मॅच बघायला सगळा रस्ता लोटला होता. अंत्वी होता, सेरवाही आली होती. मावशीचा मोठा टीव्ही कंपनीने मोडीत काढला होता आणि आठवड्यापूर्वीच तो अंत्वीने सुरू करून दिला होता. मॅच संपली तशी मावशीने टीव्हीवरून प्रेमाने हात फिरवला.

"अंत्वी, पोरा, तुझ्या हाताला देवाने काय दिलंय रे!"

सेरवा हसली. बोआडू ताडकन उठला.

"देवाने नाही मावशी, चोरीने दिलंय! आत कुणाच्या तरी टीव्हीतला बोर्ड बसवलाय. आत्ता उघडून दाखवतो."

"आणि नाही निघाला तर?" चांभाराने विचारलं.

"तर दुकानाला कुलूप लावतो आणि उद्यापासून अंत्वीच्या हाताखाली काम करतो. बस?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. सेरवाने पुढे येऊन त्याचा दंड धरला. तिचा चेहरा उतरला होता.

"नको उघडूस, बोआडू. ऐक माझं. घरी चल."

"का? कोणाला वाचवतेस?"

तिने त्याचा दंड आणखी घट्ट धरला. अंत्वी जागचा हलला नव्हता.

"उघडू दे त्याला, सेरवा," तो हळूच म्हणाला. "कधीतरी व्हायचंच होतं."

तिचं नाव त्याच्या तोंडी इतकं सहज आलेलं ऐकून बोआडूचं डोकं फिरलं. त्याने टीव्ही टेबलावर पालथा घातला आणि भराभर स्क्रू काढले. मागचं झाकण उचलून त्याने टॉर्च लावली. सगळे पुढे वाकले.

बोर्ड त्याच टीव्हीचा होता. एका बाजूला जळाल्याचा जुना डाग होता आणि त्यावरून नवं सोल्डर चढवलं होतं, स्वच्छ, चकचकीत, एकही थेंब वावगा नाही. बघताना त्या हाताचा बोआडूला हेवा वाटला.

"बोल की, उस्ताद," मावशी म्हणाली. "चोरीचा आहे का?"

बोआडूने टॉर्च बोर्डाच्या कोपऱ्याकडे सरकवली. तिथे शेजारी शेजारी दोन जांभळे ठिपके होते.