एका मशीनच्या दोन पाळ्या

झोपेत थोरल्याचा श्वास तासाला चाळीस वेळा अडायचा, धाकट्याचा पस्तीस. आरोग्य विमा दोघांचाही नव्हता. म्हणून घरातलं किडूकमिडूक मोडून दोघा भावांनी मिळून श्वासाचं एकच मशीन घेतलं. मास्क मात्र दोन. रात्री मशीन थोरल्याचं. धाकटा कारखान्यातली रात्रपाळी करून आला की दिवसभर त्याचं.

"दादा, आपल्याला झोप मिळाली, पण या बिचाऱ्या मशीनच्या डोळ्याला डोळा नाही," मास्क चढवताना धाकटा म्हणायचा.

आज त्याच कारखान्यात, दिवसपाळीवर, साहेबांनी थोरल्याला केबिनमध्ये बोलावलं आणि तो दारातच थबकला. मशीन येण्याआधी तो दोनदा कामावर पेंगताना सापडला होता. "तिसऱ्यांदा दिसलात तर कायमचे घरी," असं साहेबांनी तेव्हाच बजावलं होतं.

पण साहेब चक्क हसत होते. "अहो, घाबरता काय? सख्खे भाऊ तुम्ही, आणि एकमेकांचं तोंड धड दिसत नाही. म्हणून सोमवारपासून तुमच्या धाकट्यालाही दिवसपाळी दिलीय."

मग त्याच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले, "आता रात्री दोघंही निवांत झोपा!"