आदम, दाऊद, कासम, युसुफ

"आदम, त्याचा मुलगा दाऊद, त्याचा कासम, त्याचा युसुफ," जमालने कागदावर बोट सरकवत वाचलं. "युसुफचा हसन, म्हणजे माझे आजोबा. माझ्यापर्यंत सात पिढ्या, मैमुनाबी. एकही सुटलेली नाही."

मैमुनाबी खजुराच्या बिया काढत ऐकत होत्या. वय पंच्याऐंशी. फुजैराला मुलाकडे आलेल्या. सावित्रीच्या खाडीकाठी जमालचं गाव, त्या गावातलं आता सगळ्यांत वडील माणूस त्याच.

हा कागद म्हणजे जमालची अकरा वर्षं. दुबईतल्या देराच्या एका शिपिंग ऑफिसात तो क्लार्क. शुक्रवारची नमाज झाली की गावच्या खाडीकडची माणसं जिथे दाटीवाटीने राहायची, त्या खोल्यांचे जिने चढायचा. प्रत्येकाला एकच विचारायचा : आमच्या घराचा मालक कोण, त्याआधी कोण, त्याच्याही आधी कोण? मग नावाखाली नाव लिहायचं आणि मध्ये रेघ मारायची. मेलेल्यांची हजेरी घेण्यातच या माणसाचा जन्म जाणार, असं त्याची बायको खतीजा म्हणायची. यंदा, दोन हजार नऊ साली, ऑफिसला टाळं लागलं, व्हिसा खलास झाला. मिरवायला हा कागद तेवढा उरला.

त्यावर नबिला नव्हती. नबिला ही त्याची एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची. "अब्बा, व्हेअर ॲम आय?" तिने एकदा विचारलं होतं. मुली नवऱ्याच्या घरच्या कागदावर जातात, असं त्याने सांगितलं. ती उठून आत गेली. ते त्याला लागलं, पण कागद तसाच राहिला.

आज तो शब्द द्यायला आला होता. आपल्याला मुलगा नाही, तेव्हा बापजाद्यांचं घर वंशातच राहावं म्हणून गावचं घर पुतण्याच्या, फहदच्या, नावे करायचं त्याने ठरवलं होतं. गावातल्या वडील माणसासमोर शब्द उच्चारला की झालं, मग माघार नाही. रुवैसच्या रिफायनरीत नोकरीला असलेला फहद स्वतः गाडी चालवत त्याला घेऊन आला होता.

"यल्ला चाचा, बोलून टाका ना," फहद म्हणाला. "मला परत जायचंय. ड्यूटी आहे."

"थांब रे," मैमुनाबी म्हणाल्या. "जमाल, या रेघा कोणी मारल्या?"

"मीच."

"आदमला मुलगा कुठे होता? एक मुलगी, मरियम. दाऊद तिचा नवरा, घरात आणून ठेवलेला. मरियमची सकीना, तिचा नवरा कासम. सकीनाची जैनब, तिला तर मी पाहिलीय. युसुफ जैनबचा नवरा. आणि आदमसुद्धा हवाबीचा नवरा, घरजावईच. पुरुष दोन-दोन वर्षं जहाजावर, मग घर सांभाळणार कोण? घर मुलीकडे, मालक म्हणून नाव तेवढं जावयाचं. तुझा आजा हसन हा त्या घरात जन्मलेला पहिला मुलगा. हे चौघे एकमेकांच्या रक्ताचे नव्हते, बाबा. जावई सगळे."

जमालने पुन्हा एकेका रेघेवर बोट ठेवलं. सांगणाऱ्यांनी मालकांची नावं बरोबर सांगितली होती. रेघा त्याच्या होत्या. अकरा वर्षांत त्याने एकाही बाईला काही विचारलं नव्हतं. त्याची त्याला लाज वाटली. आणि मग, का कोण जाणे, फार हलकं वाटलं.

"चाचा, जुन्या गोष्टी आहेत, सोडा," फहद म्हणाला. "शब्दाचं काय?"

"शब्द मी देत नाही, फहद. रागावू नकोस."

फहद रागावला होताच. पण समोर वडील माणूस होतं. सलाम करून गाडी काढायला खाली गेला.

मैमुनाबींनी खजुराची बशी जमालपुढे सरकवली.

"तुला मुलं काय रे?"

"एक मुलगी. नबिला."

"एकच? मुलगीच?" म्हातारी खुलली. "म्हणजे घर पुन्हा आपल्या वळणावर आलं म्हणायचं!"