कोपऱ्यातला अंगठा

धनाजीची एक तऱ्हा शालूबाईच्या डोक्यात गेली होती. दिवसभर राबून दर्शनी भिंतीला गिलावा करायचा आणि सकाळी उठून तोच खरवडायचा. एकदा नव्हे, तीनदा. सगळं घर पोरानं एकट्यानं, विटेवर वीट चढवत उभं केलं, आणि गिलाव्याला हात घातला तर हे असलं.

"सिमेट काय सासऱ्यानं धाडलंय व्हय रं?" पाण्याची बादली आदळत ती म्हणाली.

धनाजीच्या हातात थापी होती. डोळे तांबारलेले.

"आई, ह्यो गिलावा माझा न्हाई."

"मग काय भुतानं केला?"

शालूबाईनं तणतणत तांब्यानं भिंतीवर पाणी मारलं. ओल्या गिलाव्यावर घोटायच्या रंध्याचे वळसे उमटून आले. एकात एक गुंतलेले, सगळे डावीकडं वळलेले.

दुसरा तांब्या तिच्या हातातच राहिला.

पाचगणीच्या कितीतरी बंगल्यांवर असले वळसे होते. डावरा गवंडीच पाहिजे म्हणून तिच्या मालकांना, धनाजीच्या बापाला, गाडी पाठवून नेत. लोकांचे बंगले सजवता सजवता जन्म गेला. स्वतःच्या घराचं जोतं तेवढं बांधलं, आणि गेल्या दिवाळीत ते वारले. धनाजी उजवा. वळसा त्याला कधी साधलाच नाही.

"मी काल सपाट केलती भिंत," धनाजी म्हणाला. "रोज सपाट करतोय, आन् सकाळी हेच वळसे. माझ्यानं आता हुईना, आई. उद्या कराडचा गवंडी आणतो आन् समदं पुसून घेतो."

शालूबाई गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि भिंतीचा खालचा कोपरा बोटांनी चाचपला. मालकांना सही येत नव्हती. घर पुरं झालं की शेवटच्या ओल्या गिलाव्यात, खाली कोपऱ्यात, ते अंगठा उठवायचे.

कोपरा कोरा होता.

ती उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि धनाजीच्या हातातली थापी काढून घेतली.

"अजून तीन भिंती ऱ्हायल्यात त्यांच्या. कोण परका गवंडी ह्या दारात येणार न्हाई. अंगठा उठंस्तोवर तू माल कालवायचा, भिंतीम्होरं ठेवायचा, आन् मुकाट्यानं बाजूला व्हायचं."