मृदंगाचा पट्टा

या, जवळ सरकून बसा. धाड गावच्या काल्याची गोष्ट सांगतो. लढाईचे दिवस होते, गाड्यांचे सुटे भाग मिळत नसत. "बुवांले काल्याच्या कीर्तनाले मीच नेतो," अशी जबान लॉरीवाल्या कय्यूमनं दिलेली, आणि नेमका इंजिनाचा झिजलेला फॅनबेल्ट निघताना त्याच्याच अंगणात तुटला. नवा कुठून मिळणार? बुवांसोबत निघालेल्या, मृदंग वाजवणाऱ्या शेषरावांनी मृदंग गळ्यात अडकवायचा चामडी पट्टा काढून दिला. कय्यूमनं गाठ मारून तो बसवला, पण इंजिन फिरताच गाठ अडायची आणि पट्टा निसटायचा. चरख्याशी बसलेली त्याची बायको बानो हसली, "अजी, बैल बांधून राह्यले का?" चरख्याच्या दोरीलाही ती कधी गाठ मारत नसे. तिनं टोकं तिरपी कापून एकावर एक शिवली. पंखा गरगरला! "आता मृदंग कायनं बांधू?" शेषराव म्हणाले. बानोनं ठेवणीतली ओढणी दिली. लॉरी वेळेत पोचली; धाडला हंडी फुटली, मृदंग ओढणीत घुमला. काल्याचा घास घेताना बानोला आठवा.