फलकावरचा मजकूर

दिग्रसच्या बसस्टँडसमोर धरणं धरायला निघायची वेळ झाली, तरी फलक कोराच होता. तांड्याच्या समाजमंदिरात रंगाचा डबा उघडून सगळे बबिताकडं पाहत बसले होते.

व्हिडिओ तिनंच काढला होता. जवळच्या कारखान्याचं सांडपाणी झिरपून तांड्याची विहीर काळी पडली, ते तिच्या आईनं, रुपीबाईनं, बादली पुढं धरून गोरबोलीत, आपल्या बंजारा बोलीत, सांगितलं होतं. गावोगावच्या लोकांनी ते पाहिलं. मग एके दिवशी मोबाइलवर नुसती एक ओळ उरली : सरकारी आदेशावरून हा व्हिडिओ उपलब्ध नाही.

वकिली शिकणाऱ्या शामनं मजकूर आणला होता. ‘डिजिटल अभिव्यक्तीवरील असंवैधानिक निर्बंधांचा जाहीर निषेध.’ त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यात विहीरही नव्हती. तांड्यातल्याच रामधनला साहेबांची नावं अन् मुर्दाबाद हवं होतं. बबिता म्हणाली, शिवी लिहिली की लोक शिवीच वाचतात, पाणी राहून जातं.

तिचे वडील, सेवादास, दाराशी बसले होते. पोरीचं नाव पोलिसांत जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. फलकावर कोणाचंच नाव टाकू नका, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

बबितानं ब्रश घेतला. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

‘आमच्या विहिरीचं पाणी काळं झालं.
आम्ही ते दाखवलं.
सरकारनं व्हिडिओ बंद केला. कारण सांगितलं नाही.
पाणी काळंच आहे.’

शामनं ते वाचलं आणि आपला कागद घडी करून खिशात घातला.

स्टँडसमोर फलक धरायला सेवादासच उभे राहिले. रंग पुरता वाळलाही नव्हता. बसमधून उतरलेली माणसं पिशव्या खाली ठेवून वाचत होती. एक म्हातारी शेजारणीकडून वाचून घेत होती.

तेवढ्यात पोलीस जमादार आला. त्यानं सगळा मजकूर वाचला.

“हे कोनं लिवलं?”

बबिता पुढं सरली; पण तिच्या आधी वडील बोलले.

“माह्या पोरीनं लिवलं, साहेब. बबिता सेवादास आडे.”

जमादारानं पेन काढलं. सेवादासनी फलक छातीपासून जरा वर उचलला.

“सावकाश लिवा,” ते म्हणाले. “बापाचं नाव सुटलं नाही पाह्यजे.”