एकच फाइल

मैत्री ऑफिसातून घरी आली तेव्हा संगणक सुरू होता आणि त्यात अण्णांचं काहीच नव्हतं. अण्णा समोर नुसते बसून होते.

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर दशरथरावांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, चार वर्षं एकच काम केलं होतं. लोणी काळभोरच्या आसपासची गावं हिंडायची, छप्पन्न साली बौद्ध झालेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी वहीत उतरवायच्या आणि घरी येऊन एका बोटानं टाइप करायच्या. टाइप झालं की वही रद्दीत जायची. एकतीस माणसं झाली होती. त्यातली एकोणीस आता हयात नव्हती.

झालं ते त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. सकाळी डिस्क भरली. जागा करायला त्यांनी अनोळखी वाटलेली एक फाइल पुसली. मग मशीन सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ तेवढी येऊन थांबायची. मैत्रीच्या कंपनीत त्यांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ती मीटिंगमध्ये असल्याचं उत्तर मिळालं. शेवटी त्यांनी बिबवेवाडीतल्या दुकानातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आत काही हवंय का, असं त्यानं विचारलं होतं. आता काय उरलंय त्यात, असं अण्णाच म्हणाले. त्यानं डिस्क साफ केली आणि सगळे प्रोग्रॅम नव्यानं भरून दिले.

ती ओळ अण्णांनी पाकिटाच्या मागे लिहून ठेवली होती. मैत्रीनं ती वाचली आणि तिला कळलं. गेली होती ती फक्त मशीन सुरू करणारी फाइल. ज्या फ्लॉपीवरून ती परत टाकता आली असती, ती टेबलाच्या खणातच होती. दोन मिनिटांचं काम. दुरुस्तीवाला येईपर्यंत एकतीसच्या एकतीस माणसं आत शाबूत होती.

तिनं दोन तास धडपड केली. एक ओळही परत आली नाही.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "माझ्याच हातानं गेलं. तू फोनवर भेटली असतीस, तरी काय करणार होतीस?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. अण्णांना कधीच कळलं नसतं.

"सगळं वाचवलं असतं," मैत्री म्हणाली. "मी माझ्या जागेवरच होते, अण्णा. घरचा फोन आला तर मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा, असं ऑपरेटरला मीच सांगून ठेवलं होतं."