एका शेअरची ऑर्डर

फोन आला तेव्हा सुनेपुढचा चहा तसाच निवत होता.

पलीकडे शेअर बाजाराचा तपासनीस होता. "छोट्या गुंतवणूकदारांच्या ऑर्डरींचे नियम नव्यानं तपासतोय आम्ही. तुमच्या मिस्टरांचा अल्गो, म्हणजे कॉम्प्युटरवर आपोआप चालणारा प्रोग्राम, रोज बाजार उघडला की एका शेअरची ऑर्डर टाकतो आणि लगेच मागे घेतो. आता प्रत्येक अल्गोमागे माणूस लागतो. त्यांना देता फोन?"

"ते गेले," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मग हे चालवतंय कोण?"

"कुणीच नाही. त्यांनी लावून ठेवलं, तसंच चाललंय. ऑर्डर पडली की त्यांच्या बंद खोलीत टिंग वाजतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. मायलेकांचा जुना अबोला होता, आणि ते गेले तेव्हा त्या दवाखान्यात होत्या. टिंग ऐकलं की म्हणतात, लागला बाई कामाला. सांगायला माझी जीभच रेटली नाही. राहू द्या ना एवढं."

तपासनीस म्हणाला, "ताई, नियमापुढे माझं काही चालत नाही."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडायची वेळ टळून गेली. खोलीतून आवाज नाही. सून कप पुढ्यात घेऊन सासूबाईंच्या उशाशी श्वास रोखून बसली.

सासूबाईंनी थोडी वाट पाहिली. मग डोळे मिटूनच तोंडानं हळू आवाज काढला, "टिंग."

सून चपापली.

"लागला कामाला," त्या म्हणाल्या. "घे आता चहा. तो गेल्यापासून ते ऐकल्याशिवाय तू कपाला हात लावत नाहीस."